आबांच्या नावावर लिफ्ट

सणसर, १० ऑगस्ट

अहो,

फोन लावला की तुम्ही "सौरभला देतो" म्हणता, आणि आपला लेक आईला कॉलेजची हजेरी सांगून फोन ठेवून देतो. म्हणून लिहिते आहे. शिवम दुधाचा टेम्पो घेऊन रोज बारामतीला येतोच. तुमच्या गेटवर डबा देतो तशी ही चिठ्ठीही देईल. डब्यात दोडक्याची भाजी आहे, कारळ्याची चटणी वेगळ्या पुडीत बांधली आहे.

विषय लहानच आहे. आबांना मोटारसायकलची लिफ्ट घ्यायची आहे. गॅरेजमध्ये असते ती. लोखंडी फळी असते, तिच्यावर गाडी चढवायची आणि पायानं पंप मारायचा, की गाडी कमरेएवढी वर येते. मग सगळं काम उभ्यानं करता येतं. आबांचे गुडघे आता वाकत नाहीत, पण घरच्या गाडीला बाहेरच्याचा हात लागलेला अजूनही खपत नाही. तुम्हाला मी काय सांगायचं, वडील तुमचे आहेत.

सध्या उसाचं पाचट काढायचं चाललं आहे. बांधावरून गाडी नेली की ते वाळकं पान मागच्या चाकात जातं आणि चेनपासून आतल्या बेअरिंगपर्यंत सुतासारखं गुंडाळून बसतं. वर आपली काळी माती. चाक काढल्याशिवाय ते निघत नाही, आणि चाक काढायचं म्हणजे स्टँडखाली फळी सारायची, गोणपाटावर बसकण मारायची आणि मान वाकडी करून आत बघत राहायचं. हे पावसाळाभर चालू असतं.

तुम्ही कंपनीचं स्टोअर सांभाळता, अशा वस्तू रोज बघता. घरच्या कामाला लिफ्ट घेण्यात अर्थ आहे का, एवढंच कळवा. तुम्हाला विचारलं हे मी आबांना सांगणार नाही. सासूबाईंच्या तेराव्याला सगळ्या पाहुण्यांदेखत तुम्ही म्हणालात, "म्हाताऱ्याला सांभाळायचं तर तू सांभाळ," आणि गाडीत बसून निघून गेलात. त्याला वर्ष होऊन गेलं. मी सांभाळते आहे. तक्रार करत नाही, विचारलंत तर दमले आहे असं सांगीन, पण तुम्ही विचारत नाही.

सौरभला म्हणावं केस काप.

अनिता


सणसर, २४ ऑगस्ट

अहो,

तुमचं उत्तर मिळालं. दोन पानं! लग्न ठरल्यावर तुम्ही मला पत्र लिहिलं होतं तेही एवढं लांब नव्हतं.

सगळं नीट वाचलं. गाडी हलकी आहे, असल्या गाडीला कंपनीनं दिलेला मेन स्टँड पुष्कळ होतो. लिफ्ट ही दिवसाला दहा गाड्या करणाऱ्याची वस्तू, घरी ती नुसती जागा अडवून बसणार. पंपातलं तेल गळायला लागलं की दुरुस्तीला माणूस मिळत नाही. खालची जमीन एकसारखी आणि कोरडी पाहिजे, आपल्या छपरातली माती चालायची नाही. आणि शेवटी, आबांना म्हणावं हा नाद सोडा. मुद्दे बरोबर आहेत. एकही खोडता येत नाही म्हणून जास्त राग आला.

पण अहो, दोन पानांत तेल आहे, पंप आहे, जमिनीचा उतार आहे. "तू कशी आहेस" एवढं लिहायला कागद कमी पडला का? मी चिडून लिहीत नाही. चिडायलाही अंगात ताकद लागते.

मी लासुर्ण्याला सुयोगच्या गॅरेजात जाऊन लिफ्ट बघून आले. त्यानं हातातलं काम टाकून मला सगळं दाखवलं. चाकाला पुढून चिमटा धरतो, दोन्ही बाजूंनी दोन दांडे गाडीला आवळून धरतात, आणि वर गेल्यावर लॉकची पिन घालायची, ती विसरायची नाही. मग मला म्हणाला, "वहिनी, घरी कशाला घेताय? गाडी हितं आणून सोडा की. दोन दिसात देतो."

मी म्हटलं, "दोन दिस माल कशावर न्यायचा?"

"आबांना सांगा दम धरा म्हणावं."

"भेंडीला दम न्हाय, सुयोग. आज तोडली न्हाय तर उद्या लाकूड होती."

तो हसला आणि म्हणाला, "व्हय, ते बी खरंच हाय." मग एक गाडी वर चढवून तिच्यापाशी मला उभं केलं. चाक डोळ्यांसमोर आलं. वाकायला नको की बसायला नको. मी हात लावून चाक फिरवून पाहिलं. इतकं बरं वाटलं की बाहेर येऊन उगाच पाणी पीत थांबले.

आबांना बरं वाटेल, असं म्हणायचं होतं.

अनिता


सणसर, १२ सप्टेंबर

अहो,

तुमची चार ओळींची चिठ्ठी काल शिवमनं दिली. लिफ्टबिफ्ट काही घ्यायची नाही. दिवाळीपर्यंत मी बारामतीला राहायला यायचं. आबा येत असतील तर त्यांनाही आणायचं, तुमची आता ना नाही. गाडी विकून टाकायची, जमीन खंडानं कसायला द्यायची. आणि मी आले नाही तर तुम्ही पुन्हा विचारणार नाही.

शेवटची ओळ मी पुष्कळदा वाचली. तुम्ही रागावून लिहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तुम्हीही दमल्यासारखे वाटलात. फ्लॅटमध्ये संध्याकाळी सौरभ मित्रांत जातो, तुम्ही एकटे डबा गरम करून खाता, हे शिवम सांगतो. मला वाईट वाटतं. खोटं लिहीत नाही, खरंच वाटतं.

आता एक गोष्ट सांगून टाकते. लिफ्ट आबांना नको आहे, ती मला पाहिजे. मी ते नाव काढलं तशी आबांनी मान फिरवली आणि म्हणाले, "आमी जल्म गोणपाटावर बसून कामं केली. आता गाडीला पाळण्यात घालायची का?" तुम्हाला खोटंच लिहिलं. मला लिफ्ट पाहिजे असं लिहिलं असतं तर तुम्ही "काहीतरीच" म्हणून चिठ्ठी घडी करून ठेवली असती. म्हाताऱ्याच्या हट्टावर मात्र तुम्ही दोन पानं लिहिता. उत्तर यावं म्हणून आबांचं नाव घातलं.

आबांच्या हाताला कंप आल्यापासून त्यांनी गाडी चालवलेली नाही. गाडी मी चालवते. मागं भेंडीचे दोन कॅरेट ट्यूबनं बांधून बारामतीच्या मार्केट यार्डात मी नेते. पहिल्यांदा गेले तेव्हा आडत्यानं विचारलं, मालक कुठं आहेत. आता लांबून गाडी दिसली की म्हणतो, "सणसरच्या ताई आल्या, जागा करा." चाकही मीच काढते. आबा खुर्चीत बसून सांगतात आणि मी खाली बसून करते. "ढिला सोड. उलटा फिरीव. आगं, पाना हाय तो, लाटणं न्हाय!" शिव्या खात खात शिकले. आता डोळे झाकून चेनचा ताण सांगते.

कळवायचं तरी कसं? तुम्ही विचारलंत असं कधी झालंच नाही.

गेल्या महिन्यात चाक काढताना कंबर धरली आणि मला उठताच येईना. आबांनी हात दिला, पण त्यांचाच हात थरथरत होता. शेवटी शेजारच्या भागूबाईनं बगलेत हात घालून मला उभं केलं. डॉक्टर म्हणाले खाली बसायचं काम बंद करा. बाईमाणसाला खाली बसायचं काम बंद करा म्हणणारा डॉक्टर कुठल्या गावचा असेल, देव जाणे.

तर लिफ्ट घेते आहे. भेंडी मी लावली, तोडली आणि विकली, तिच्यातून घेते आहे. छपरात सिमेंटचा कोबा करून घेतला. एकसारखा आणि कोरडा, तुम्ही लिहिल्याप्रमाणे. तुमची दोन पानं वाया गेली नाहीत.

दिवाळीचं म्हणाल तर आबांना इथं एकटं टाकून मी कशी येऊ? ते बारामतीचं नाव काढू देत नाहीत. तुम्ही म्हणता तसं विचारलं, तर म्हणाले, "मेलो तरी न्हाय." माझा इलाज नाही.

अनिता


सणसर, २६ सप्टेंबर

अहो,

लिफ्ट आली. सुयोगनं उतरवून छपरात लावून दिली. आबा अजून तिच्याशी बोललेले नाहीत, पण खुर्ची मात्र तिच्याशेजारी नेऊन ठेवली आहे. खंडेनवमीची पूजा झाल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, असा हुकूम आहे. त्यामुळे सध्या तिच्यावर गोणपाट टाकून ठेवलं आहे आणि मी जुन्या जागी खाली बसून चेन पुसते.

तुमची चिठ्ठी आली नाही. डब्यातली भाजी संपते की परत येते, हे शिवमला विचारायचं मी टाळते आहे.

अनिता


सणसर, ३ ऑक्टोबर

अहो,

काल दसरा झाला. शिवम तुमच्यासाठी आपट्याची पानं घेऊन आला असेल. त्यानं घडलेलं सांगितलं असेल तर ते अर्धंच असेल, कारण तो शेवटी आला. सगळं मीच सांगते.

परवा खंडेनवमीला पाने, खुरपी, कोयते, औषध फवारायचा पंप असं सगळं मांडलं. दरवर्षी आबा पूजा करतात. यंदा त्यांनी हळदकुंकवाचं ताट माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "वापरती ती पुजंल." मी लिफ्टला कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. इथवर सगळं बरं होतं. पण नवी वस्तू घरात आली तर जमीन सारवलेली पाहिजे, म्हणून आबांनी पहाटे भागूबाईला बोलावून माझा नवा कोबा शेणानं सारवून घेतला होता. सिमेंटवर शेण! ते वाळलं ते वरवर, खालून ओलंच राहिलं. एकसारखी आणि कोरडी जमीन म्हणून तुम्ही कळवळून लिहिलं होतंत, आणि तुमच्या वडिलांनी तिची अशी वाट लावली. मला पूजेच्या गडबडीत कळलंही नाही.

काल सकाळी आम्ही दोघांनी गाडी ढकलून फळीवर चढवली. चिमट्यानं पुढचं चाक धरलं. उजव्या बाजूचा दांडा नीट बसला, डावा काही केल्या बसेना. डावीकडं साडीगार्ड आहे ना, मागं बसलेल्या बाईचा पदर चाकात जाऊ नये म्हणून लावतात ती जाळी. दांडा तिच्यावर येऊन अडत होता. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, एका दांड्यावर पेलंल. हलकी हाय." मीही ऐकलं. गाडी वर नेली. मांडीच्या वर आली असेल, तेवढ्यात लिफ्टचे मागचे पाय त्या शेणावरून सरकले आणि गाडी डावीकडं कलली.

मी डावीकडून खांदा लावला. आबांनी उजवीकडून सीट आणि कॅरेट बांधायचा सांगाडा धरून ओढून धरला. आणि आम्ही तसेच अडकलो. मी सोडलं तर गाडी माझ्या अंगावर येणार, आबांनी सोडलं तरी माझ्याच अंगावर येणार. गाडी खाली घ्यायच्या पंपाच्या स्क्रूपर्यंत कुणाचाच हात पोचत नव्हता. भागूबाई गावात सोनं वाटायला गेली होती. हाका मारल्या तर एक कुत्रं आलं आणि बघून गेलं.

"आबा, सोडू नगा."

"न्हाय सोडत. तू गप उभी ऱ्हा."

त्यांचे हात थरथरत होते, ते गाडीच्या पत्र्यातून मला कळत होतं. मला भीती वाटली ती गाडीची नव्हती. वाटलं, हे आत्ता पडतील आणि तुम्ही म्हणाल, बघ, सांभाळलंस ना. मग मी त्यांना बोलतं ठेवलं. दुसरं काही सुचेना म्हणून तुमच्या चिठ्ठीचंच सांगितलं. दिवाळीपर्यंत या म्हणाले आहेत, नाही आले तर पुन्हा विचारणार नाहीत, सगळं सांगितलं. इतके दिवस फक्त तुमचं निमंत्रण सांगितलं होतं, पुढचं गिळलं होतं.

आबांनी सांगाडा आणखी घट्ट धरला. मग म्हणाले, "मग जा की."

"तुमाला टाकून?"

"मी बी येतो."

मला वाटलं ताणामुळं काहीतरी बोलतात. "तुमी तर मेलो तरी न्हाय म्हनला हुता."

"म्हनलं हुतं." गाडीपलीकडून त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं. "अनिता, मला पोराचं त्वांड बघायचंय गं. तुजी सासू, मुक्ता, गेली तवापासनं बघायचंय. तो बोलला, मी बोललो, आता कोन लक्षात ठेवतंय? पर मी आलो तर तुलाबी यावं लागंल. आनि तुला हितं ऱ्हायचंय. मला काय दिसत न्हाय व्हय? यार्डातनं येतीस तवा फाटकापासनं हारन वाजवत येतीस. म्हणून म्हनलं, आपन हट्टी म्हातारा झाल्यालं बरं."

मी खांद्यावर गाडी घेऊन रडले. डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता.

मग शिवमचा टेम्पो आला. त्यानं धावत येऊन पंपाचा स्क्रू सोडला आणि गाडी हळूहळू खाली बसली. आबांना खुर्चीत बसवून चहा दिला तर कप धरवेना, मी धरून पाजला. त्यांना लागलं काही नाही. माझ्या खांद्यावर मोठा वळ आहे, तो जाईल.

दुपारी मी कोबा धुऊन काढला, वाळू दिला आणि साडीगार्डचे बोल्ट उघडले. गंजले होते, घासलेट सोडून बसावं लागलं. आबा म्हणाले, "काढतीस? लगीन होऊन आलीस, दीपकच्या मागं बसायचीस, तवा लावल्यालं हाय." मी म्हटलं, आबा, आता मागं कॅरेट बसतात. मग दोन्ही दांडे नीट बसले. गाडी कमरेएवढी वर नेली, पिन घातली आणि उभ्यानं चाक काढलं. पाचट ओंजळभर निघालं. कंबर दुखली नाही. तुम्ही विचाराल, घरच्या कामाला लिफ्ट परवडते का? नाही परवडत. तुमचा प्रत्येक मुद्दा अजून खरा आहे. तरी मी ती परत देणार नाही.

आता मुख्य सांगते. आबांना टाकून कशी येऊ, असं मी तुम्हाला लिहिलं. पाहुण्यांना सांगितलं, भागूबाईला सांगितलं, सौरभलाही तेच सांगितलं. ऐकून सगळे मला चांगली म्हणाले आणि मीही म्हणवून घेतलं. खरं असं आहे की लिफ्ट जशी आबांच्या नावावर मागितली, तशी वर्षभर इथं राहिले तीही आबांच्याच नावावर. तुम्ही नकोत असं नाही. तेराव्याला तुम्ही बोललात त्याचा रागही आता उरला नाही. पण त्या फ्लॅटमध्ये मी महिनाभर राहिले होते ना, सौरभच्या प्रवेशाच्या वेळी. सकाळी तुम्ही दोघं गेलात की मी गॅसचा ओटा पुसायची आणि थोड्या वेळानं पुन्हा पुसायची. तिथं मला कुणी काही वाईट केलं नाही. पण तिथं मी कुणी नव्हते. हे तुम्हाला तोंडावर सांगायला मी आयुष्यात धजले नसते.

तुम्ही पुन्हा विचारणार नसाल तर नका विचारू. मला त्याचं दुःख होईल, पुष्कळ होईल, पण ते मी इथं राहून करीन. तुम्ही आलात तर दार उघडं आहे, आणि घर तुमचंच आहे.

येत्या रविवारी मात्र आबांना न्यायला या. त्यांना आधी नमस्कार करा, मग बोला. आबांची सकाळची गोळी पिवळी आहे, रात्रीची पांढरी. चहात साखर घालू नका, मागतील तरी. हात कापतो म्हणून वाटी द्यायची नाही, खोल ताट द्यायचं, आणि ते सांडतील तेव्हा तिकडं बघायचं नाही. संध्याकाळी त्यांना कुणीतरी बोलायला लागतं. तुम्हालाही लागतं. पिशवी त्यांनी आजच काढून ठेवली आहे, त्यांचे कपडे भरून ठेवते.

माझे भरत नाही.

अनिता